अत्यल्प विराम आणि संगणकाचे घड्याळ

भाषाविज्ञानाच्या प्रयोगशाळेत संगणकाचा उपयोग आता नित्याचा झाला आहे. श्रोत्याला ध्वनी ऐकविणे, दोन ध्वनींमध्ये ठरावीक अंतर ठेवणे, श्रोत्याचा प्रतिसाद नोंदविणे ही कामे पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थीही स्वतः लिहिलेल्या आज्ञावलींच्या, म्हणजेच प्रोग्रामांच्या, साहाय्याने करतात. अशा आज्ञावलीत एक आज्ञा बहुधा असतेच : ‘येथे इतका वेळ थांब, आणि मग पुढे जा.’ ही आज्ञा एका ओळीची असते. तीत काळाचा आकडा लिहावयाचा असतो, आणि लिहिलेल्या आकड्याइतकाच वेळ यंत्र थांबले असे लिहिणारा गृहीत धरतो. विराम एकदोन सेकंदांचा असेल तर हे गृहीत चालून जाते. तो सेकंदाच्या शतांशाच्या घरात आला की ते चालत नाही. अशा वेळी यंत्र प्रत्यक्षात किती थांबते, सांगितलेला आणि घडलेला विराम यांत अंतर का पडते, आणि त्या अंतरामुळे भाषेविषयीचा निष्कर्षच कसा चुकू शकतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

१. काळाची परिमाणे

प्रथम परिमाणांचा विचार करणे इष्ट होईल. सेकंदाचा हजारावा भाग तो मिलिसेकंद, दहा लाखावा भाग तो मायक्रोसेकंद आणि अब्जावा भाग तो नॅनोसेकंद. उच्चारणातील घटनांचा काळ मिलिसेकंदांत मोजला जातो; संगणकाच्या अंतर्गत क्रियांचा काळ मायक्रोसेकंद व नॅनोसेकंद यांत.

सूक्ष्म काळाचे विभाग करण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. अमरकोशात अठरा निमेषांची एक काष्ठा, तीस काष्ठांची एक कला, तीस कलांचा एक क्षण, बारा क्षणांचा एक मुहूर्त आणि तीस मुहूर्तांचे एक अहोरात्र असे कोष्टक दिले आहे. या कोष्टकाने मुहूर्त ४८ मिनिटांचा, क्षण चार मिनिटांचा, कला आठ सेकंदांची आणि निमेष सुमारे १४.८ मिलिसेकंदांचा ठरतो. मनुस्मृतीतही अठरा निमेषांची काष्ठा आणि तीस काष्ठांची कला आहे. परंतु तेथे तीस कलांचा थेट मुहूर्त होतो. मध्ये क्षण येत नाही. त्यामुळे मनुस्मृतीचा निमेष सुमारे १७८ मिलिसेकंदांचा होतो. मनुष्याची पापणी लवण्यास साधारणतः १०० ते ४०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थाला मनुस्मृतीचे माप अधिक जवळचे आहे. शब्द एकच, परंतु दोन ग्रंथांतील त्याच्या मूल्यांत बारापट अंतर आहे. परिमाणाचे नाव सांगितल्याने माप सिद्ध होत नाही. ते कोणत्या कोष्टकाने, कोणत्या घड्याळाने मोजले हेही सांगावे लागते. संगणकाच्या बाबतीत हीच गोष्ट पुन्हा आढळेल.

विरामाचे मापही आपल्या ध्वनिशास्त्राला अपरिचित नव्हते. तैत्तिरीय प्रातिशाख्यात चार प्रकारचे विराम सांगितले असून ऋचेच्या अंती तीन मात्रांचा, पदाच्या अंती दोन मात्रांचा, दोन स्वरांमधील विवृत्तीचा एक मात्रेचा आणि एकाच पदाच्या अंतर्गत येणाऱ्या विवृत्तीचा अर्ध्या मात्रेचा, असा उतरता क्रम त्यांना लावला आहे. ही मापे सापेक्ष आहेत. म्हणणाऱ्याची लय बदलली की मात्रा बदलते, आणि मात्रेबरोबर विरामही बदलतो. संगणकाला मात्र सापेक्ष माप कळत नाही. त्याला निरपेक्ष आकडा द्यावा लागतो. तो आकडा तो कसा पाळतो हा पुढील प्रश्न आहे.

२. ‘ठाकूरद्वार’ या शब्दातील मौन

इतक्या लहान विरामाची भाषाभ्यासकाला गरज काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे निरसन एखाद्या नेहमीच्या शब्दानेच होऊ शकेल. गिरगावातील ठाकूरद्वार हे स्थलनाम घ्यावे. या शब्दात ठ, क आणि द असे तीन स्पर्श आहेत. प्रत्येक स्पर्शाच्या उच्चारणात मुखातील वायुमार्ग क्षणभर पूर्ण बंद होतो आणि मग उघडतो. शब्दारंभीच्या ठकाराची बंद अवस्था त्याच्या आधीच्या शांततेतच मिसळून जाते. ती श्रोत्याला वेगळी कळत नाही. दकार घोष आहे. त्याच्या बंद अवस्थेतही स्वरतंत्रींचा मंद घोष चालू असतो. परंतु आ आणि ऊ या दोन स्वरांमधील ककार अघोष आहे. जिभेचा मागील भाग मृदुतालूला टेकलेला असतो, स्वरतंत्री कंप पावत नसतात, आणि तेवढा काळ खरोखरच काही ऐकू येत नाही. ध्वनिलेख काढून पाहिल्यास तेथे एक मोकळी जागा दिसते. सामान्य गतीच्या बोलण्यात हे मौन बहुधा ५० ते १०० मिलिसेकंदांच्या दरम्यानचे असते. बोलणाऱ्याला ते जाणवत नाही, ऐकणाऱ्याला ते मौन म्हणून ऐकूही येत नाही. तथापि ककाराची ओळख पटण्यात त्याचा वाटा असतो.

हे मौन लांबविले तर काय होते, हे मराठीत सहज पाहता येते. ‘एका’ आणि पत्त्यांतील ‘एक्का’ हे दोन शब्द लेखनात एका जोडाक्षराने वेगळे आहेत. उच्चारणात त्यांचा प्रमुख भेद ककाराच्या बंद अवस्थेच्या काळात आहे. ‘मता’ आणि ‘मत्ता’ या जोडीतही तेच दिसते. आधीच्या स्वराचा काळ आणि इतर काही लक्षणे साह्य करीत असली तरी द्वित्ताचे मुख्य चिन्ह म्हणजे लांबलेले मौन. ते किती लांबले म्हणजे श्रोत्याच्या कानी ‘एका’चा ‘एक्का’ होतो, हा प्रयोगाने सोडवावयाचा प्रश्न आहे. असे प्रश्न इतर भाषांत पूर्वीच हाताळले गेले आहेत. ली लिस्कर यांनी १९५७ साली इंग्रजीतील स्वरमध्य स्पर्शांच्या बंद अवस्थेचा काळ आणि त्यांचा घोष-अघोष भेद यांचा संबंध दाखविला. त्याच वर्षी आल्विन लिबरमन आणि त्यांचे सहकारी यांनी असे प्रतिपादन केले की, ध्वनीत क्रमाक्रमाने फरक करीत नेला तरी श्रोत्याचा निर्णय क्रमाने बदलत नाही. एका सीमेपाशी तो एकदम पालटतो. या सीमेचे स्थान आणि तिचा तीव्रपणा हे तेव्हापासून ध्वनिप्रत्ययाच्या अभ्यासातील महत्त्वाचे विषय झाले आहेत.

त्या काळी मौन तयार करण्याची रीत अगदी साधी होती. ध्वनिमुद्रणाची चुंबकीय फीत कापावयाची आणि मध्ये कोरी फीत जोडावयाची. सेकंदाला साडेसात इंच, म्हणजे सुमारे १९ सेंटिमीटर, या गतीने फिरणाऱ्या फितीवर ७० मिलिसेकंदांचे मौन म्हणजे सुमारे १.३ सेंटिमीटरचा तुकडा. तो पट्टीने मोजता येई. काम कष्टाचे होते. परंतु मौनाचे माप अभ्यासकाच्या डोळ्यांसमोर असे. संगणक आल्यावर कात्री सुटली आणि तिच्याबरोबर पट्टीही सुटली. ‘एका’चे दोन भाग मुद्रित करून ठेवावयाचे, पहिला वाजवावयाचा, ‘७० मिलिसेकंद थांब’ असे सांगावयाचे आणि दुसरा वाजवावयाचा, ही रीत सोयीची वाटू लागली.

३. एकट्या आज्ञावलीचा काळ

या रीतीत दोष कोठे शिरतो हे समजण्यासाठी संगणकाच्या दोन अवस्थांतील फरक ध्यानी घेतला पाहिजे. पहिल्या अवस्थेचे उदाहरण मुंबईतच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडविलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या; त्याच्या स्मृतीत ४० द्विमान अंकांचा एक याप्रमाणे २,०४८ शब्द मावत, आणि स्मृतीतून एक शब्द काढण्याच्या चक्रास १५ मायक्रोसेकंद लागत. या यंत्राचा चित्रपटल घडविणारे पी. व्ही. एस. राव पुढे यंत्राने वाणी ओळखण्याच्या संशोधनाकडे वळले. स्वतः नरसिंहन यांनीही उत्तरकाळात भाषाव्यवहाराच्या प्रतिमानांवर ग्रंथ लिहिला. मुंबईत संगणक घडविणाऱ्यांना भाषेचा प्रश्न असा आरंभापासून जवळचा होता.

त्या पिढीच्या यंत्रावर एका वेळी एकच आज्ञावली चाले. तिला थांबवावयाचे तर तिच्याकडून एखादे निरुपयोगी काम मोजून करवून घ्यावयाचे, हा सरळ मार्ग होता. समजा, एक आकडा एकाने कमी करून तो शून्य झाला की नाही हे पाहण्यास १०० मायक्रोसेकंद लागतात. मग ७०० पासून आरंभ करून शून्यापर्यंत यावयास ७० मिलिसेकंद लागणार. यंत्र दुसऱ्या कोणाचे काम मध्ये घेत नसल्यामुळे हा हिशेब मोडत नसे. जपमाळेचे मणी ओढून काळ मोजण्याचाच हा प्रकार होय. आज घरगुती उपकरणांत बसविलेल्या लहान नियंत्रकांत ही पद्धत अजूनही चालते, आणि तेथे ती योग्यही आहे.

आजच्या मोठ्या यंत्रावर मात्र तिचा भरवसा धरता येत नाही. प्रक्रियकाची गती आता स्थिर नसते; काम आणि उष्णता यांनुसार ती क्षणोक्षणी बदलते. शिवाय आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा संकलक, रिकाम्या मोजणीतून काहीच निष्पन्न होत नाही हे ओळखून, ती मोजणी अनेकदा काढूनच टाकतो. लिहिणाऱ्याच्या पानावर विराम राहतो. यंत्रापर्यंत तो पोहोचतच नाही.

४. थांबण्याची आज्ञा ही विनंती होय

दुसऱ्या अवस्थेत एकाच यंत्रावर शेकडो आज्ञावली आळीपाळीने चालतात आणि त्यांच्यावर ऑपरेटिंग सिस्टीम ही नियंत्रक व्यवस्था देखरेख करते. येथे ‘७० मिलिसेकंद थांब’ असे लिहिणारी आज्ञावली स्वतः काहीच मोजीत नाही. ती नियंत्रकाला एवढेच कळविते की, ‘मला आता प्रक्रियक नको, ७० मिलिसेकंदांनी मला उठव.’ नियंत्रक तिचे नाव निद्रितांच्या यादीत घालतो आणि प्रक्रियक दुसऱ्या आज्ञावलीस देतो. हे काटकसरीचे आहे, आणि मोठ्या विरामांसाठी योग्यही आहे. परंतु आता काळ मोजण्याचे काम नियंत्रकाच्या घड्याळाकडे गेले.

हे घड्याळ जुन्या पद्धतीत सतत पाहिले जात नसे. ठरावीक अंतराने त्याचा एक ठोका पडे आणि त्या ठोक्यालाच नियंत्रक निद्रितांची यादी तपाशी. ठाकूरद्वार नाक्यावर रस्ता ओलांडण्यासाठी उभ्या असलेल्या पादचाऱ्याचे उदाहरण घेतले तर हे स्पष्ट होईल. समजा, त्याला दहा सेकंदच थांबावयाचे आहे. परंतु सिग्नल त्याच्या मनगटावरील घड्याळाकडे पाहून बदलत नाही, स्वतःच्या चक्राने बदलतो. दहा सेकंद संपले तेव्हा दिवा लाल असेल तर पुढील हिरव्या दिव्यापर्यंत त्याला थांबणे भाग आहे. आणि दिवा हिरवा झाल्यावरही पुढे गर्दी असेल तर पाऊल टाकावयास आणखी विलंब लागतो. निद्रित आज्ञावलीची स्थिती अशीच असते. तिचा काळ भरल्यावर पुढील ठोका पडेपर्यंत एक विलंब होतो, आणि जाग आल्यावर प्रक्रियक मोकळा मिळेपर्यंत दुसरा.

या ठोक्यांचे अंतर केवढे, हे प्रणालीवर अवलंबून असते. विंडोज प्रणालीत तो मुळात सेकंदाला ६४ वेळा, म्हणजे दर १५.६ मिलिसेकंदांनी पडतो. अमरकोशातील निमेषाशी हे माप जवळजवळ जुळते. हा निव्वळ योगायोग असला तरी लक्षात ठेवण्यास सोयीचा आहे. लिनक्स प्रणालीत तो आरंभी सामान्य यंत्रांवर सेकंदाला १०० वेळा पडे. पुढे काही आवृत्त्यांत तो १,००० वर नेला गेला आणि २००५ साली २५० हे मूल्य रूढ झाले. युनिक्स कुळातील प्रणालींच्या पॉझिक्स या प्रमाणग्रंथात ‘नॅनोस्लीप’ नावाची आज्ञा १९९३ पासून आहे. तीत विराम नॅनोसेकंदांत लिहिता येतो. परंतु लिहिता येणे निराळे आणि पाळले जाणे निराळे. दर दहा मिलिसेकंदांनी ठोका पडणाऱ्या यंत्रावर या आज्ञेत ५०० नॅनोसेकंद लिहिले तरी विराम कित्येक मिलिसेकंदांचा होत असे. प्रमाणग्रंथाचे वचन एवढेच आहे की, मध्ये व्यत्यय न आल्यास सांगितलेल्या काळापेक्षा कमी वेळ थांबले जाणार नाही. अधिक किती याविषयी तो मर्यादा घालीत नाही. विंडोजमध्ये तर ठोक्याच्या अधेमध्ये आरंभ झाल्यास विराम सांगितल्यापेक्षा किंचित कमीही भरू शकतो.

यातून आणखी एक विलक्षण गोष्ट उद्भवते. विंडोजमध्ये एखादी आज्ञावली ठोक्याचे अंतर एक मिलिसेकंदापर्यंत कमी करून मागू शकते. २०२० पर्यंतच्या आवृत्त्यांत एका आज्ञावलीने अशी मागणी केली की ती यंत्रावरील सर्वांनाच लागू होई. म्हणजे पार्श्वभूमीवर एखादे गाणे वा चलच्चित्र चालू असेल तर प्रयोगाच्या आज्ञावलीतील विराम अधिक बिनचूक होई, आणि ते बंद केले की तो पुन्हा ढोबळ होई. प्रयोगाच्या टिपणात मात्र याचा मागमूस राहत नसे.

५. यंत्राची पायरी आणि श्रोत्याची सीमा

आता ‘एका’ आणि ‘एक्का’ यांच्या प्रयोगाकडे परत येऊ. समजा, विद्यार्थ्याने ६० पासून १२० मिलिसेकंदांपर्यंत दहा-दहाच्या अंतराने मौनाच्या सात पायऱ्या योजिल्या आणि प्रत्येक पायरी श्रोत्यांना अनेकवार ऐकविली. यंत्राचा ठोका १५.६२५ मिलिसेकंदांचा आहे आणि विरामाचा आरंभ ठोक्यालाच होतो असे धरू. विराम पुढील ठोक्यापर्यंत लांबतो. त्यामुळे ६० चे ६२.५ होतात, ७० चे ७८.१, ८० चे ९३.७५ आणि ९० चेही ९३.७५. पुढे १०० चे १०९.४ होतात, ११० चे १२५ आणि १२० चेही १२५. कागदावर सात पायऱ्या आहेत. श्रोत्याच्या कानी पाचच पोहोचतात. ८० आणि ९० या दोन पायऱ्या वस्तुतः एकच ध्वनी आहेत.

या प्रयोगाचा आलेख काढला तर काय दिसेल? ८० आणि ९० या बिंदूंवर श्रोत्यांची उत्तरे सारखी येतील, म्हणून आलेख तेथे सपाट होईल; १०० ते ११० या टप्प्यावर मौन दहाऐवजी १५.६ मिलिसेकंदांनी वाढल्यामुळे तो एकदम चढेल. सपाट भाग, तीव्र चढ, पुन्हा सपाट भाग, हे तर लिबरमन यांनी वर्णिलेल्या सीमेचेच चित्र. विद्यार्थी ते ओळखील, आनंदेल आणि मराठी श्रोत्याच्या कानात अशी तीक्ष्ण सीमा आहे असे लिहील. ती असेलही, परंतु त्याच्या आलेखाने ती सिद्ध झालेली नाही. त्याने श्रोत्याच्या कानाऐवजी यंत्राचा ठोका मोजला आहे.

विरामाचा आरंभ ठोक्याच्या मध्ये कोठेही होत असेल तर निराळी विकृती होते. एकाच पायरीचे मौन दर खेपेस थोडेथोडे बदलते, श्रोत्याची उत्तरेही बदलतात, आणि श्रोता अनिश्चित आहे असा समज होतो. याहून गंभीर प्रसंग तुलनात्मक अभ्यासात येतो. समजा, गिरगावातील श्रोत्यांची तपासणी एका यंत्रावर आणि नागपूरच्या श्रोत्यांची दुसऱ्या यंत्रावर झाली. दोन गटांच्या सीमांत दहा मिलिसेकंदांचा फरक आढळला. आणि तो दोन बोलींतील फरक म्हणून प्रसिद्ध झाला. यंत्रांचे ठोके वेगवेगळे असतील तर तो फरक बोलींचा की घड्याळांचा, हे नंतर कोणालाही सांगता येणार नाही. एका बोलीच्या भाषकांविषयीचे विधान एकदा ग्रंथात गेले की ते तेथून निघणे कठीण असते.

६. उपाय

या अडचणीवर अनेक उपाय आहेत. त्यांची योग्यता विरामाच्या आकारावर आणि कामाच्या स्वरूपावर अवलंबून आहे.

पहिला उपाय जागे राहून थांबण्याचा. आज्ञावलीने झोप न मागता यंत्रातील सूक्ष्म घड्याळ पुनःपुन्हा पाहावे आणि नेमलेला क्षण येताच पुढे जावे. यात आवर्तने मोजावयाची नसून घड्याळच वाचावयाचे असल्यामुळे प्रक्रियकाची गती बदलली तरी माप ढळत नाही. मायक्रोसेकंदांच्या विरामास हाच मार्ग सोयीचा होय. त्याचा दोष असा की, तेवढा काळ प्रक्रियक दुसऱ्या कामास मिळत नाही आणि ऊर्जा व्यर्थ जाते. शिवाय नियंत्रकाने मध्येच हस्तक्षेप केला तर विलंब टळत नाहीच. म्हणून बराचसा काळ झोप मागावी आणि अखेरचे एकदोन मिलिसेकंद जागे राहावे, अशी मिश्र रीत व्यवहारात रूढ आहे.

दुसरा उपाय चांगल्या घड्याळाचा आश्रय करण्याचा. लिनक्समध्ये २००६ पासून सूक्ष्म काळमापकांची नवी व्यवस्था आली. तीत ठरावीक ठोक्याची वाट न पाहता यंत्रातील काळमापक नेमक्या क्षणासाठी लावला जातो. सामान्य आज्ञावलीस मूळ स्थितीत सुमारे ५० मायक्रोसेकंदांची सूट ठेवलेली असते. विंडोजमध्ये अशा सूक्ष्म काळमापकाची सोय २०१८ पासून आहे. विद्यार्थ्यांच्या विशेष परिचयाच्या पायथन भाषेची थांबण्याची आज्ञा २०२२ सालच्या ३.११ या आवृत्तीपासून दोन्ही प्रणालींतील सूक्ष्म साधने वापरते. त्यामुळे जुन्या आवृत्तीवर आणि नव्या आवृत्तीवर तीच ओळ वेगळ्या अचूकतेने चालते, हे ध्यानात असावे. ज्या कामांत विलंबाला वरची मर्यादा असणे अनिवार्य असते, त्यांच्यासाठी नियंत्रकातच विशेष रचना करावी लागते. लिनक्समध्ये दीर्घकाळ स्वतंत्रपणे विकसित झालेली अशी रचना २०२४ साली मूळ प्रणालीत समाविष्ट झाली.

कोणतेही घड्याळ घेतले तरी ते कोणत्या जातीचे आहे हे पाहावे लागते. भिंतीवरील घड्याळाप्रमाणे तारीख आणि वेळ सांगणारे घड्याळ मध्येच दुरुस्त केले जाऊ शकते. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईची स्थानिक वेळ तिच्या सुमारे ३९ मिनिटे मागे होती, आणि पुढे कित्येक वर्षे या शहरात दोन्ही वेळा चालत. एका घड्याळावर आरंभ पाहून दुसऱ्यावर शेवट पाहणाऱ्याचा हिशेब ३९ मिनिटांनी चुकणारच. अंतर मोजण्यासाठी संगणकात निराळे घड्याळ असते. ते केवळ पुढे जाते आणि कोणी मागे फिरवीत नाही. विराम मोजताना तेच वापरावे. तसेच विरामांची मालिका असेल तर प्रत्येक वेळी ‘आतापासून इतका वेळ’ असे न सांगता ‘अमुक क्षणापर्यंत’ असे सांगावे. दर विरामास एक मिलिसेकंदाचा उशीर झाला तर शंभर विरामांत शंभर मिलिसेकंदांचा उशीर साचतो. ठरलेल्या क्षणाशी प्रत्येक विराम बांधला म्हणजे तो साचत नाही. तबलजी प्रत्येक बोल मागच्या बोलापासून न मोजता सर्व बोल आवर्तनाशी बांधून ठेवतो, तशीच ही रीत होय.

तिसरा उपाय भाषाभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे : जेथे शक्य असेल तेथे आज्ञावलीला थांबावयास सांगूच नये. संगणकातील ध्वनी म्हणजे क्रमाने मांडलेले आकडे होत. सेकंदाला ४४,१०० आकडे या प्रमाणाने मुद्रण केले असेल तर ७० मिलिसेकंदांचे मौन म्हणजे बरोबर ३,०८७ शून्ये. ‘एका’चे दोन्ही भाग आणि त्यांच्यामधील ही शून्ये एकाच धारिकेत लिहून ती सलग वाजविली की मौनाचे माप नियंत्रकाच्या हातून निघून ध्वनियंत्राच्या स्वतःच्या स्फटिकाकडे जाते. त्याचा प्रत्येक आकडा सुमारे २२.७ मायक्रोसेकंदांचा असतो आणि तो इतर आज्ञावलींच्या गर्दीने हलत नाही. कोऱ्या फितीचा तुकडा जोडण्याची जी रीत होती तीच ही. सेंटिमीटरच्या जागी शून्यांची संख्या आली एवढाच फरक. याउलट दोन भाग दोन आज्ञांनी वाजविल्यास विरामाखेरीज ध्वनियंत्राच्या साठ्याचाही विलंब मध्ये येतो. ५१२ आकड्यांचा साठा असेल तर तोच ११.६ मिलिसेकंदांचा होतो. प्रश्न दोन पायऱ्यांमधील दहा मिलिसेकंदांचा असता ही भर उपेक्षणीय नाही.

श्रोत्याच्या प्रतिसादानुसार पुढील ध्वनी निवडावयाचा असेल तेव्हा सर्व काही आधी लिहून ठेवता येत नाही, आणि थांबण्याची आज्ञा टळत नाही. अशा वेळी चौथा नियम पाळावा : विराम गृहीत धरू नये, तो मोजावा. श्रोत्याच्या कानाशी येणारा ध्वनी दुसऱ्या स्वतंत्र यंत्रावर मुद्रित करून प्रत्येक पायरीचे मौन ध्वनिलेखावर प्रत्यक्ष पाहावे. एकदा पाहून भागत नाही. शेकडो वेळा मोजून मध्यमूल्य आणि सर्वांत वाईट मूल्य ही दोन्ही नोंदवावीत. सरासरी चांगली असूनही शंभरांत एखादा विराम दुप्पट होत असेल तर तो एखादा विराम कोणत्या श्रोत्याच्या वाट्यास आला हे कळत नाही.

७. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. आज्ञावलीत लिहिलेला विरामाचा आकडा हे मापन नसून मागणी आहे. ती पुरी करणारा नियंत्रक आपल्या घड्याळाने आणि आपल्या सोयीने ती पुरी करतो. सेकंदाच्या हिशेबात हा भेद दिसत नाही. परंतु स्पर्शाचे मौन, द्वित्त, महाप्राणत्व यांसारख्या भाषिक भेदांचा संसार नेमका त्या मापाच्या आत असतो, जेथे यंत्राचा ठोका आणि भाषेचा भेद एकमेकांत मिसळू शकतात.

म्हणून ध्वनिप्रत्ययाविषयीच्या प्रबंधात केवळ ‘७० मिलिसेकंदांचा विराम दिला’ असे लिहिणे पुरेसे मानू नये. यंत्र कोणते, प्रणाली व तिची आवृत्ती कोणती, मौन धारिकेत लिहिले की थांबण्याच्या आज्ञेने निर्माण केले, आणि प्रत्यक्ष मोजणीत ते किती भरले, या चार गोष्टी प्रयोगाच्या वर्णनात आल्या पाहिजेत. मार्गदर्शकांनी त्या विचाराव्यात आणि परीक्षकांनी त्या नसल्यास मागाव्यात. जुन्या आचार्यांनी अर्ध्या मात्रेच्या विरामालाही स्वतंत्र स्थान दिले होते. त्यांचे माप उच्चारणाऱ्याच्या मुखात आणि ऐकणाऱ्याच्या कानात होते. आजचे माप यंत्रात आहे. ते तपासून घेण्याची जबाबदारी मात्र पूर्वीप्रमाणेच अभ्यासकाची आहे.